मडक्यातला क्रेनवाला

कंटेनर यार्डाच्या कॅन्टीनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलं भिंतीला लावून मध्ये चौरंग मांडला होता, चौरंगावर मातीचं मडकं होतं आणि त्यामागे मडकेबुवा डोळे मिटून बसले होते. मडक्याच्या गळ्याला जाड लाल कापड गुंडाळलेलं. मेलेली माणसं या मडक्यात येऊन बोलतात, अशी बुवांची ख्याती होती. ती पसरवण्याचं काम बुवांनी दुसऱ्या कोणावर सोपवलं नव्हतं.

"मडकं मातीचंच लागतं," बुवा घसा खाकरून म्हणाले. "देह मातीचा, आत्म्याला ओढ मातीची. तांब्यापितळेत आत्मा शिरत नाही. आणि ज्याच्या मनात शंका असेल त्यानं आत्ताच उठावं. शंकेच्या नुसत्या वासानं आत्मा माघारी फिरतो."

म्हणजे मडकं बोललं तर पुण्याई बुवांची, आणि गप्प राहिलं तर दोष तुमचा. धंदा करावा तर असा.

मागच्या रांगेत कंट्रोलवाली बसली होती. चार दिवस इथं चहा पीत सगळ्यांची चौकशी करणारा पाहुणा आत येताना तिला कॅन्टीनमागे उभ्या गाडीत दिसला होता. यार्डाच्या कंट्रोल केबिनमधून वॉकीटॉकीवर क्रेनवाल्यांना कुठला कंटेनर कुठे ठेवायचा ते सांगणं, हे तिचं रोजचं काम. सगळ्यात उंच क्रेनवर तिचा नवरा होता. गेल्या वर्षी छातीत कळ आली आणि तो गेला. आता तो म्हणे या मडक्यात मुक्कामाला आला होता.

नुसता आला असता तरी तिनं दुर्लक्ष केलं असतं. पण गेल्या बैठकीत त्यानं आपल्या आईला सांगितलं, की नातीच्या फिटच्या गोळ्या बंद कर आणि बुवांचा अंगारा लाव. सासूबाईंनी गोळ्यांचा डबा कपाटात टाकला आणि किल्ली कमरेला खोचली. आज सकाळी पोरीला फिट आली आणि मोरीच्या कडेवर कपाळ आपटलं.

"आई, डॉक्टरांनी बजावलंय, एक दिवसही चुकवायची नाही," तिनं काकुळतीला येऊन सांगितलं होतं.

"तू डॉक्टरचं ऐक. मी माझ्या लेकाचं ऐकते," सासूबाई म्हणाल्या होत्या.

नव्या गोळ्या आणणं अवघड नव्हतं. पण ही ड्यूटीवर असताना पोर असायची आजीजवळ. आजीचंच मन वळलं नाही, तर गोळ्या पोटात जाणार कशा?

आता सासूबाई पहिल्या रांगेत, कपाळाला पट्टी बांधलेल्या नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"विचारा माउली," म्हणत बुवांनी हात लाल कापडाखाली घातला.

"बाळा, पोरीला आज पुन्हा फिट आली रे. काय करू?"

बुवांनी हात बाहेर काढला. जरा वेळानं मडकं खरखरलं आणि आवाज आला, "...ई, घाबरू नकोस. वाईट बाहेर पडतंय. गोळ्या बंदच ठेव." शेवटी एक बारीकशी 'खश्श' झाली.

"हुबेहूब तोच," शेजारचा मुकादम डोळे पुसत पुटपुटला. "इतकी वर्षं रोज ऐकलाय मी."

कंट्रोलवालीचं डोकं तडकलं. विचारताना हात आत, ऐकताना हात बाहेर. तिचा स्वतःचा अंगठा आयुष्यभर हेच करत आला होता. बोलायचं तर बटण दाबा, ऐकायचं तर सोडा. पहिलं अक्षर गिळलं जातं ते बटण पुरतं दाबायच्या आधी तोंड उघडलं की. नवीन लागलेल्या पोरांना ती यावरून रोज झापायची. हा आत्मा तर त्यांच्याहून कच्चा निघाला.

तिनं कमरेचा वॉकीटॉकी काढला, आवाज बारीक केला, इअरफोन कानात घातला आणि एकेक चॅनल चाळू लागली. सासूबाईंनी पुढचा प्रश्न विचारला. मडकं बोलू लागलं आणि तेच शब्द तिच्या कानातही वाजले. तिनं बटण दाबलं.

मडक्यातला क्रेनवाला अर्ध्या वाक्यात गप्प झाला आणि त्याच मडक्यातून बाईचा आवाज घुमला. "कंट्रोल बोलतेय. हा चॅनल कोण अडवून बसलंय?"

कॅन्टीन गारठलं. बुवांनी डोळे उघडले.

"दुष्ट आत्मा शिरलाय," ते ओरडले. "कोणी हलू नका."

"दुष्ट आत्मा मागच्या रांगेत बसलाय, बुवा," असं मडक्यानंच सांगितलं. तोवर कंट्रोलवाली तोंडाशी वॉकीटॉकी धरून चौरंगापर्यंत आली होती. तिनं लाल कापड ओढलं. गळ्याला हात जाईल एवढं भोक होतं आणि आत वॉकीटॉकी उभा होता.

"मी जवळ आहे, माझा सेट जोरदार आहे, म्हणून मडक्यानं माझं ऐकलं," ती म्हणाली. "पितळेचं भांडं का चालत नाही कळलं का? धातूच्या आत वॉकीटॉकीच्या लहरी शिरत नाहीत. बुवांचा आत्मा कॅन्टीनमागच्या गाडीत बसलाय, जाऊन बघा. चार दिवस तो इथंच चहा पीत तुमच्याकडून घराघरातलं काढून घेत होता."

दोघेतिघे मागे धावले. बुवा चप्पल शोधू लागले.

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. "पण आवाज त्याचाच होता गं," त्या म्हणाल्या. बुवांवर चढलेला सुनेचा सगळा संताप त्या एका वाक्यानं निवला. तिला फार वाईट वाटलं.

तिनं आपला वॉकीटॉकी मुकादमाच्या हातात दिला, त्याच्या कानात काही सांगितलं आणि त्याला दाराबाहेर पाठवलं. थोड्या वेळानं मडकं खरखरलं. "आई, जेवलीस का?"

सासूबाईंनी नातीला घट्ट धरलं. "हाच. हाच माझा लेक."

दार उघडलं. वॉकीटॉकी तोंडाशी धरून मुकादम आत आला आणि मडक्यानं पुन्हा विचारलं, "आई, जेवलीस का?"

"यातून आवाज कामापुरताच येतो, आई," ती सासूबाईंशेजारी खाली बसली. "उरलेला आपण मनानं भरतो. यार्डातल्यांनी त्याला जन्मभर यातूनच ऐकला. म्हणून यातून कोणीही खरखरलं की त्यांना तो वाटतो. आणि तुम्हाला तर तो हवाच होता." मग ती लोकांकडे वळली. "आपलं माणूस गेलं की त्याचा आवाज ऐकावासा वाटतो, त्यात लाज कसली? पण शंका घेऊ नका म्हणणाऱ्याला सोडू नका. आधी मडक्यात हात घालून बघा."

सासूबाईंनी मुकादमाकडे बघितलं.

"घरी तो असा खरखरत नव्हता," त्या म्हणाल्या. कमरेची किल्ली काढून त्यांनी सुनेच्या हातात ठेवली आणि नातीच्या पट्टीवरून हात फिरवला. "मधल्या गोळ्या चुकल्या. आता एकदम सुरू केल्या तर चालतील का गं?"

"मला नक्की माहीत नाही, आई."

"मग चल डॉक्टरकडे," सासूबाई उठल्या. "मीच विचारते."