मी उघडलो नव्हतो

मी दरवाजा बोलतोय. घराचा नव्हे, देवळाचाही नव्हे, हवालातीचा. नळदुर्गहून मुरुमकडं जाताना आमचं गाव लागतं. तिथल्या कचेरीच्या मागं एक दगडी खोली आहे, तिला बसवलेला मी. इतकी वर्षं गप्प राहिलो, कारण जे सांगायचं ते मलाच अजून नीट कळलेलं नाही. तुम्हाला ऐकून काही उमगलं तर बरंच होईल.

माझी चौकट बाभळीची, गज लोखंडाचे. शिवलिंगप्पा सुतारानं मला घडवलं, तेव्हा इथं निजामाचा अमल होता. बसवून झाल्यावर त्यानं खांद्यानं तीनदा धडक मारून पाहिली आणि म्हणाला, "आता ह्यो हालत न्हाय." खोलीला खिडकी नव्हती. छताखाली वीतभर झरोका, त्यातून चिमणी कशीबशी यायची. माणसाला आतबाहेर करायला वाट एकच, माझी. पुढची सगळी भानगड याच्यावरच आहे.

माझ्यावर पहाऱ्याला खाजामियाँ होते. सत्तावीस वर्षांचे, सडपातळ, नुकतंच लग्न झालेलं. दर जुम्म्याला ते माझ्या बिजागऱ्यांना करडईचं तेल घालायचे. कैद्यांशी तुसडेपणानं बोलायचे नाहीत. "आत काय, बाहेर काय, ऊन सगळ्याला सारखंच लागतंय," म्हणायचे.

फसली सन तेराशे बेचाळीस. इंग्रजी हिशेबानं एकोणीसशे तेहेतीस. फाल्गुन संपत आला होता. जवळच्या वाडीतला बलभीम नावाचा गडी आणून माझ्यामागं कोंडला. वय पंचवीस. इनामदाराची कडब्याची गंजी जळाली होती आणि ती यानंच पेटवली असा आळ. "मी न्हाय पेटवली," एवढंच तो प्रत्येकाला सांगायचा. त्याची बायको धुरपदाबाई रोज दुपारी चालत यायची, कडेला तीन महिन्यांचं लेकरू. गजांतून ती भाकरी द्यायची, तो बोट पुढं करायचा आणि लेकरू ते बोट घट्ट धरायचं. त्याचं नाव कोंडीराम.

सहाव्या दिवशी धुरपदाबाई येऊन गेल्यावर बलभीम म्हणाला, "मियाँ, जरा पाणी आना की. घसा सुकला."

रांजण दहा पावलांवर, लिंबाखाली. खाजामियाँ गेले, तांब्या बुडवला आणि परत आले.

खोलीत कोणी नव्हतं.

कुलूप लागलेलं होतं. किल्ली खाजामियाँच्या कमरेला होती. घोंगडी पसरलेली, अर्धी भाकरी फडक्यावर तशीच. माझ्याबद्दल विचाराल तर शपथेवर सांगतो, मी उघडलो नव्हतो. माझी कडी हलली नाही, बिजागरी करकरली नाही. क्षणापूर्वी माझ्या गजांना टेकलेली पाठ तिथं नव्हती, एवढंच मला कळलं.

"बलभीमा?" खाजामियाँनी हाक मारली. मग कुलूप काढून आत गेले, घोंगडी उचलली, भिंती चाचपल्या. तांब्या हातातच होता.

अमीन आला. निजामाच्या राज्यात फौजदाराला अमीन म्हणत. त्यानं फरशी उखडून पाहिली, झरोक्यात काठी घालून पाहिली आणि शेवटी खाजामियाँच्या तोंडात मारली. "तू सोडलास त्याला."

"हुजूर, पाणी आनायला गेलतो. आलो तर न्हवता."

 त्यांची नोकरी गेली आणि सहा महिने त्यांना त्याच खोलीत, माझ्यामागं टाकलं. त्यांची बायको शरिफाबी डबा घेऊन यायची, गजांना धरून रडायची. मला तिची नजर चुकवावीशी वाटायची, पण दरवाजा कुठं तोंड लपवणार?

धुरपदाबाईही यायची. ती रडायची नाही. म्हणायची, "मियाँ, खरं सांगा. मारला का त्याला? कुठं पुरला? तेवढं सांगा, मी कुणाला बोलनार न्हाय. कपाळाला कुंकू लावायचं का पुसायचं, तेवढं तरी मला कळू द्या."

"बाई, कुराणाची कसम. पाणी आनायला गेलतो."

सरकारच्या लेखी खाजामियाँनी कैदी सोडला होता. धुरपदाबाईच्या लेखी त्यांनी तो मारला होता. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. आणि दोन्ही खोटं आहे हे ज्याला ठाऊक, तो मी, मला तोंड नाही.

सुटल्यावर खाजामियाँनी गाव सोडलं नाही. कचेरीच्या मागच्या चिंचेखाली भाता मांडून भांड्यांना कल्हई करू लागले. शरिफाबी म्हणायची, माहेरी सोलापूरला जाऊ. ते म्हणायचे, "गेलो तर लोक म्हनतील, पळाला." म्हणून माझ्यासमोरच ते पिकले. धुरपदाबाई वर्षातून एकदा, फाल्गुनात, बाजाराला यायची. चिंचेखाली उभी राहून विचारायची, "आठवलं का काई?" ते मान हलवायचे. ती निघून जायची. तिनं तिथं कधी एक वाटीसुद्धा कल्हईला दिली नाही.

मध्ये बरंच काही बदललं. रझाकार झाले, पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला. त्या धामधुमीत दोन्हीकडची माणसं नाहीशी झाली. माझ्यामागून त्या दोन वर्षांत किती जण नेले आणि कुठं नेले, मला सांगता यायचं नाही. कचेरीतली उर्दू दप्तरं कोणी जाळली, कोणी गाड्यांत भरून नेली. पाटी उर्दूची मराठी झाली. आधी हैदराबाद राज्य, मग मुंबई राज्य, मग महाराष्ट्र. नवी हवालात पुढच्या अंगाला बांधली आणि माझ्यामागं मोडक्या खुर्च्या, फाटक्या सतरंज्या टाकून बसप्पा जमादारानं कुलूप लावलं.

मग आलं एकोणीसशे एकसष्ट साल. बाजाराचा दिवस, दुपारची वेळ. मी नेहमीसारखा उन्हानं तापत होतो. आणि माझ्या गजांना आतून पाठ टेकली.

"मियाँ," आतून आवाज आला, "किती येळ लावता? पाणी आनता न्हवं?"

बसप्पा ओट्यावर तंबाखू मळत होता. तंबाखू सांडली. "कोन हाय आत?"

"मी बलभीम. खाजामियाँ कुठं गेले?"

बसप्पानं कुलूप ओढून पाहिलं. लागलेलं. कुलपावर कोळ्यानं जाळं विणलेलं, तेही शाबूत. तो गजातून आत बघत राहिला. आत पंचविशीचा गडी, अंगात बंडी, गालावर सहा दिवसांची दाढी, पायाशीच्या मोडक्या खुर्च्यांकडं बघून गांगरलेला.

"चोरी करायला घुसलास व्हय रं? कुठून घुसलास?"

"घुसतोय कशाला? तुमीच कोंडलंय की."

बसप्पा या गावात नवा नव्हता. खाजामियाँची हकीकत त्यानं शंभरदा ऐकली होती. तो पळत चिंचेखाली गेला.

खाजामियाँ आले, हाताला राख आणि नवसागराचा वास. दाढी पांढरी झालेली. गजापाशी आले आणि थांबले. बलभीमानं त्यांना वर-खाली पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "चाचा, तुमी खाजामियाँचे वडील का?"

खाजामियाँ मला टेकून खाली बसले. 

"कुठं गेलतास रे?" त्यांनी विचारलं. "अठ्ठावीस वर्सं, कुठं गेलतास?"

"कुठं म्हंजे? हितंच तर हाय. तुमी... ते आत्ताच गेले न्हवं का पाण्याला?"

खाजामियाँ उठले. रांजण केव्हाच फुटला होता, आता तिथं नळ होता. त्यांनी तांब्याभर पाणी आणलं. गजांतून तो पीत असताना ते एकटक बघत होते. मी तेव्हा काय समजायचं? हा आत गेला तेव्हा मी नवा होतो. आता माझे गज गंजलेत, चौकटीला वाळवी लागलीय. त्याच्या बंडीवर मात्र धुरपदाबाईच्या भाकरीचं पीठ तसंच होतं.

फौजदार आले. तरुण, शिकलेले, नुकतीच बदली होऊन आलेले. त्यांनी दोन तास चौकशी केली. शेवटी टोपी काढून डोकं खाजवत बसले.

"याला धरू कशाखाली?" ते बसप्पाला म्हणाले. "पळालेला कैदी म्हणावं, तर कैदी निजामाचा. निजामाचं राज्य नाही, दप्तर नाही, इनामदारही मेला. चोर म्हणावं, तर कुलूप शाबूत. वय लिहू काय? पंचवीस का त्रेपन्न?"

खाजामियाँ पुढं झाले. या गावात त्यांना मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "साहेब, तुमी कायबी लिवा. पन एक ओळ माझी लिवा. खाजामियाँनं कैदी सोडला न्हवता. एवढी एकच."

फौजदारांनी दौतीत टाक बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "चाचा, ती ओळ लिहायची तर हा तोच बलभीम आहे असं आधी लिहावं लागेल. ते लिहिलं तर वरचे लोक मला वेड्यांच्या इस्पितळात धाडतील."

"म्हंजे लिवनार न्हाय."

"कसं लिहू? तुम्हीच सांगा."

 टाकावरून शाईचा थेंब कोऱ्या कागदावर पडला, तेवढाच.

वाडीला सांगावा गेला होता. ऊन उतरायला धुरपदाबाई आली. अठ्ठेचाळीस वर्षांची, केस पांढरे, चालून दमलेली. तिच्या मागं कोंडीराम; रापलेला, मिशीवाला, अठ्ठावीस वर्षांचा. बसप्पानं माझं कुलूप काढलं. बलभीम उंबऱ्यात येऊन उभा राहिला. बापलेक समोरासमोर, आणि लेक बापाहून तीन वर्षांनी थोरला.

बलभीम धुरपदाबाईकडं बघत म्हणाला, "आत्या, तुमी आमच्या धुरपदीच्या कोन लागता? तोंडावळा तिचाच हाय."

 जवळ येऊन तिनं त्याच्या बंडीवरचं पीठ बोटानं पुसलं आणि बोटाकडं बघत राहिली. मग ती वळली. नवऱ्याशी बोलायच्या आधी, लेकाशी बोलायच्या आधी ती खाजामियाँकडं गेली आणि वाकून तिनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"मियाँ, तुमी मारला न्हवता त्याला," ती म्हणाली. "अठ्ठावीस वर्सं मी तुमाला खुनी समजून हितं येत हुते."

"उठा बाई, उठा," खाजामियाँ म्हणत होते.  फौजदार कागद घेऊन तिथंच उभे होते, पण त्या कागदाकडं खाजामियाँनी पुन्हा पाहिलं नाही.

मग ती बलभीमाकडं वळली. "मीच ती," म्हणाली. "चला घरला."

फौजदारांनी लिहिलं: 'एक अनोळखी इसम गुदामात आढळला. तपासाअंती सोडून दिला.' सरकारी लेखी एवढंच.

वाडीत गोष्ट सोपी गेली नाही, असं कानावर येतं. कोणी म्हणे तो बहुरूपी आहे, कोणी म्हणे पळून गेलेल्या बलभीमानं केलेल्या दुसऱ्या बायकोचा पोरगा. कोंडीरामाचा विश्वास अजून पुरता बसलेला नाही. एकदा तो बाजाराला आला तेव्हा खाजामियाँनी विचारलं, "काय म्हनून हाक मारतोस त्याला?" तो म्हणाला, "दादा म्हनतो. बापाला बी चालतंय, भावाला बी." धुरपदाबाई बलभीमाला कडक उन्हात शेतात जाऊ देत नाही. तो तिला अजून अहोजाहो करतो, आणि त्याचं तिला हसूही येतं अन् रडूही. बलभीम दार लावलेल्या खोलीत निजत नाही, अंगणात निजतो.

गोष्ट इथं संपेल असं मला वाटलं होतं. पण ती गावोगाव गेली. महिन्याभरानं आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीहून एक बाई आली, नसीमबी. तिचा नवरा अठ्ठेचाळीस साली इथून नेला, तो आलाच नाही. ती बसप्पाला म्हणाली, "जरा दरवाजा उघडता का? बघून जाते." मग मुरुमकडची मथुराबाई आली. तिचा भाऊ रझाकारांच्या वेळी नेलेला. मग आणखी कोण कोण. कोणी हिंदू, कोणी मुसलमान; सगळ्यांचा प्रश्न एकच.

बसप्पाला तसा हुकूम नाही. पण तो कोणाला नाही म्हणत नाही. कुलूप काढतो, मला ढकलतो आणि बाजूला उभा राहतो. बाया आत जातात, मोडक्या खुर्च्यांच्या मागं बघतात. नसीमबी नाव घेऊन हाक मारते. मग बाहेर येऊन चिंचेखाली खाजामियाँपाशी थोडा वेळ बसते. ते तिला खोटा धीर देत नाहीत. "आमचा बी असाच आला," एवढंच म्हणतात, "कसा आला, मालूम न्हाय."

आता ही खोली पाडून तिथं भिंत घालायची, असा कागद आला आहे. मी जुना झालो, मला त्याचं दुःख नाही. बलभीम माझ्यामागून कुठं गेला, मला माहीत नाही. तो का आला आणि बाकीचे का येत नाहीत, तेही माहीत नाही. मी फक्त बंद होतो.

तुम्हाला एकच विनंती. मला जिथं कुठं नेऊन टाकाल, तिथला पत्ता आधी वाशीला नसीमबीला कळवा. ती दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी येते. ती येईल, आणि तिच्यासमोर नुसती भिंत असेल.