आभाराची ओळ

लिफ्ट मध्येच बंद पडली की हा मेकॅनिक आधी पान्याला हात लावत नसे. दाराच्या फटीला तोंड लावून तो आतल्या माणसाला सांगायचा, "आलोय मी. बोलत राहा." काम त्यानंतर. सुटकेला वेळ लागला तरी माणूस कळ काढतो, पण आपल्यासाठी कुणी आलंय हे त्याला आधी कळावं लागतं.

बायको गेली तेव्हा त्याच्यावर आभाळच कोसळलं. तिच्या दुखण्यात प्रार्थनेची कसर कुणीच सोडली नव्हती. ते दुःख ओसरायच्या आत आईला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. जिच्या तोंडाला चर्चचे पाळकसाहेबही वचकून असायचे, त्या बाईला आता साधं 'पाणी' म्हणता येईना. जुनं पाठांतर कधी तोंडून निसटलं तर त्यात काही अर्थ शोधू नका, असंही डॉक्टरांनी बजावलं होतं.

त्या घरात संध्याकाळची प्रार्थना वाटून घेतलेली होती. सुरुवात आईची. आजारी आणि अडल्यानडल्यांची आठवण बायकोने करायची. शेवटची ओळ लहानपणापासून त्याची, "जे दिलंस त्याबद्दल तुझे आभार." मग सगळ्यांनी मिळून आमेन. बायकोला माती दिल्यापासून त्याने ती ओळ उच्चारली नव्हती. आभार मानायचे तरी कशाचे? रविवारी तो चर्चकडे फिरकत नसे. भिंतीवरचा क्रूस मात्र आईचा, म्हणून राहिला होता.

त्या संध्याकाळी तो आईला चमच्याने दूध भरवत होता. वाकड्या ओठातून ते सगळं बाहेर येत होतं. टॉवेल भिजला, उशी भिजली, आई रडायला लागली. त्याचा धीर सुटला. त्याने कप आपटला आणि कित्येक महिन्यांनी क्रूसाकडे तोंड करून बोलला.

"अडकलेल्या माणसाला मी निदान हाक तरी मारतो. तुला तेवढंही होत नाही?"

तो खाली वाकून कपातून सांडलेलं दूध पुसू लागला.

"जे... दिलंस..." खाटेवरून घोगरा आवाज आला. "त्याबद्दल... तुझे आभार."

स्वतःची ओळ सोडून आईने त्याची म्हटली होती. तो धडपडत तिच्याजवळ गेला. पाणी हवंय का, मला ओळखलंस का, नाव तरी घे माझं, असं नाना परीने विचारून पाहिलं. एक शब्द नाही. डॉक्टरांचंच खरं असेल. बायको परत येणार नव्हती, आणि उद्याही दूध असंच ओघळणार होतं.

आई मात्र त्याच्याकडे टक लावून पाहत होती. तिचे ओठ अर्धवट उघडे होते. ती कशासाठी थांबलीय हे त्याला उमगलं. आभार मानणं त्याला अजूनही जमणार नव्हतं. आईने ते त्याच्या वाटचे मानून टाकले होते. त्याने तिचा लुळा हात हातात घेतला.

"आमेन," तो म्हणाला, आणि त्याच्याबरोबर आईचे ओठ हलले.