पुतळ्यावर पास झालेला कोट

आग विझवणाऱ्यांच्या कोटात शिवायची कापडी अँटेना इंजिनियरसाहेबांनी पोकळ पुतळ्यावर तपासली. संदेश खणखणीत पोचला म्हणून स्वतःचीच पाठही थोपटून घेतली. शिवणाऱ्या मावशीने नाक मुरडलं. उद्यापासून असाच कोट घालून तिचा जावई आगीत शिरणार होता. शिवताना अँटेना यंत्राला जोडून पाहिली तेव्हा तिच्या लक्षात आलं होतं, कोट मांडीवर टेकला की यंत्रात नुसती खरखर, उचलून धरला की आवाज साफ.

"साहेब, आग विझवायला पुतळा जाणार का? तुम्ही घाला की जरा."

साहेब तोंड वाकडं करून कोट घालून तळघरात गेले. वरच्या यंत्रात खरखरीशिवाय काही आलं नाही. जिवंत अंगाने सगळा संदेश गिळला होता.

मावशीने अस्तर उसवून अँटेनेमागे बोटभर जाडीचा नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर, घातला आणि साहेबांना परत खाली पिटाळलं. या वेळी त्यांचा शब्द न् शब्द वर आला.

"पण कोट फुगतोय," साहेब वर येऊन कुरकुरले. "प्रदर्शनात शोभणार नाही."

"शोभा तुमच्याकडेच ठेवा. माझ्या लेकीच्या नवऱ्याने खालून हाक मारली, तर ती वर आली पाहिजे," असं म्हणत मावशीने जावयाचा कोट पुढ्यात ओढला आणि कात्री उचलली.