दोन भुजंगांचा फोन

गावात फोन आला तो ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यात, आणि तोही बिनतारी. पोखर्णीपासून दोन कोस आत असलेल्या या गावाला तार ओढून आणायची कुणाची तयारी नव्हती. म्हणून दत्तोपंत गुरुजींच्या माळवदावर एक उंच खांब, त्यावर लोखंडी जाळी आणि शेजारी उन्हावर चालणारी काळी काच असं सगळं बसवून माणसं निघून गेली. फोन खरा पंचायतीचा. पण पंचायतीची खोली गळायची आणि गुरुजी रिटायर होऊन घरीच बसलेले, म्हणून तो त्यांच्या ओसरीवर आला. ऊन असलं की चालायचा, आभाळ आलं की रुसायचा. चालला तरी त्यात एवढी खरखर, की बोलतोय तो बाप का जावई हे शब्दांवरून ताडावं लागे. आवाज सगळ्यांचा एकच, पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवल्यासारखा.

गुरुजींनी त्याला शिस्त लावली. फोन आला की कोण पाहिजे ते नाव विचारायचं, फोन ठेवायला सांगायचं, शेजारच्या मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावर नाव पुकारायचं, आणि करणाऱ्यानं पंधरा मिनिटांनी परत करायचा. पद्धत झकास होती. फक्त फोन करणाऱ्यांत बायकाही असणार, हे गुरुजींनी हिशेबात धरलं नव्हतं. नवऱ्याचं नाव कोणती बाई घेणार? 'आमच्या घरचे' म्हणायच्या, 'पिंपळाजवळचे' म्हणायच्या, आणि चाळीस वर्षं पोरांची हजेरी घेतलेले गुरुजी घामाघूम व्हायचे.

माणिकरावांचा घात झाला तो इथंच.

त्यांची बायको पार्वतीबाई पुण्याला, मुलाकडे, भुजंगकडे गेल्याला पाच महिने होत आले होते. सुनेचं बाळंतपण म्हणून गेल्या. माणिकराव साठीचे, सात एकरांचे धनी, आणि तोंडाचे फटकळ. निघताना त्या उंबऱ्यात घुटमळल्या, जेवणाचं कसं करताल म्हणाल्या, तर हे म्हणाले, "तू गेलीस म्हणून हितं काय काम अडलंय?" तेव्हापासून रोज अडत होतं. भाकरी करपत होती. गाय दूध चोरत होती, कारण तिला पार्वतीबाईंच्या हाताची सवय. संध्याकाळी दिवा लावला की माणिकराव सवयीनं 'ऐकलं का' म्हणायचे आणि मग गाईकडे बघून खाकरायचे. एकटेपणानं माणूस एवढा येडा होतो हे त्यांना कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी ते हसण्यावारी नेलं असतं.

बाळंतपण उरकलं होतं. आता तिनं यायचं का तिकडंच राहायचं, हे आई फोनवर तुम्हालाच विचारेल, असं भुजंगचं पत्र आलं. त्याच्या घरी फोन नव्हता. नाक्यावरच्या बूथवरून करणार होते. म्हणजे इकडून करायची सोय नाही, वाट बघणं एवढंच हातात. पत्रात तसं उत्तर लिहिता आलं असतं. पण पार्वतीबाईंना वाचता येत नव्हतं. पत्र मुलगा वाचणार, सून ऐकणार, आणि त्या दोघांच्या देखत 'तू ये, मला करमत नाही' हे माणिकरावांच्या बोरूतून कसं उतरावं?

पुढे दोन रविवार फोन आला नाही. निदान माणिकरावांना तरी आला नाही. मग भुजंगचं दुसरं पत्र आलं. 'आईनं रविवारी फोन केला. तुम्ही म्हणालात, राहा तिकडंच, हितं काय काम अडलंय. आई त्या दिवशी जेवली नाही. आता ती इथंच राहील, तुम्ही काळजी करू नका.'

माणिकरावांनी पत्र तीनदा वाचलं. असं आपण बोललो खरं, पण उंबऱ्यात. फोनवर नाही. आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. हेच वाक्य त्यांनी आठ दिवसांत चार वेळा ऐकलं होतं, सटवाजीच्या तोंडून.

सटवाजीच्या मुलाचं नावही भुजंगच. तो नांदेडला असायचा. सटवाजी एकटाच, देवळाला लागून राहायचा. त्या रविवारी बूथवरून पार्वतीबाईंनी 'भुजंगच्या बापाला बोलवा' म्हटलं असणार, पुढचं खरखरीत गेलं असणार, आणि गुरुजींनी भोंग्यावर 'भुजंगचे वडील' असं पुकारलं. माणिकराव ओढ्यापलीकडं वैरण कापत होते. सटवाजी चार पावलांवर. तो धावत गेला. खरखरीतून बाई विचारतेय, मी येऊ का? त्याला वाटलं, सून. पोरांची शाळा बुडेल म्हणून त्यानं शहाणपणानं सांगितलं, राहा की तिकडंच, हितं काय काम अडलंय.

माणिकराव पत्र घेऊन तणतणत सटवाजीकडे गेले. त्याच्या सात पिढ्या उद्धरायच्या असं ठरवूनच गेले. सटवाजी पायरीवर तंबाखू मळत बसला होता. त्यानं यांना जागा करून दिली आणि पत्राकडे न बघताच सुरू झाला.

"दोन सालांत पोरानं कार्ड टाकलं न्हाई, माणिकराव. पर सुनेनं फोन केला बघा. येऊ का म्हनली. मला म्हनली, येऊ का."

आणि तो हसला. त्याच्या तोंडावर असं हसू माणिकरावांनी त्याची बायको गेल्यापासून पाहिलं नव्हतं. पत्र त्यांनी बंडीच्या खिशात सारलं, चिमूटभर तंबाखू घेतली आणि लय गुणाची पोरगी हाय म्हणाले.

घरी येऊन त्यांनी भुजंगला कार्ड लिहिलं. येत्या रविवारी दहाला आईला पुन्हा फोन करायला सांग. आणि या वेळी तिनं माझं नाव घ्यावं, दोन भुजंग असल्यानं घोटाळा होतो. बस्स, एवढंच. कारभाराचं कार्ड वाटावं असं.

तीन दिवस आभाळ भरून राहिलं. रविवारी माणिकराव धुतलेला पटका बांधून गल्लीच्या तोंडाशी उगाच उभे होते. सव्वादहाला भोंगा खरखरला, आणि सगळ्या गावानं ऐकलं, "माणिकराव, तुमचा फोन आहे."

ते ओसरीवर पोचले तेव्हा धाप लागली होती. गुरुजी हसत म्हणाले, "वहिनींनी नाव सांगितलं बरं का. दोनदा नीट ऐकू आलं नाही, तिसऱ्यांदा मोठ्यानं सांगितलं."

माणिकराव खाली बसले. छत्तीस वर्षांचा संसार. लग्नात बायांनी दार अडवून घ्यायला लावलेलं नाव तेवढं एक, आणि तेही वाजंत्रीत बुडालेलं. त्यानंतर तिच्या तोंडून आपलं नाव कसं वाटतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. आज तिनं तीनदा घेतलं, आणि ते गुरुजींच्या कानात गेलं. त्यांना गुरुजींचा राग आला. कशाचा राग ते मात्र सांगता आलं नसतं.

बॅटरी उतरलीय, थोडक्यात आटपा, असं बजावून गुरुजी चहा टाकायला आत गेले. घंटी वाजली ती अगदी बारीक. माणिकरावांनी फोन कानाला लावला, तर हे काही बोलायच्या आतच तिकडून आवाज आला.

"गुर्जी, आले का माणिकराव?"

खरखर होतीच. पण तो डब्यातला आवाज नव्हता, तिचाच होता. हे बोलले की ती लाजणार, आणि पुन्हा जन्मात नाव निघणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ते गप्प राहिले.

"हॅलो. माणिकरावांना बोलवा की."

त्यांचे डोळे भरून आले. अजून एकदा, एवढंच, असं त्यांनी मनात म्हटलं.

"माणिकराव म्हनले म्या, माणिकराव. ऐकू येतंय का?"

"मीच हाय," ते म्हणाले. "ऐक, तू ये. माझं लय अडायलंय."

उत्तर आलं नाही. खरखरही नव्हती. फोनवरचा तांबडा दिवा विझला होता, आणि तो 'मीच हाय'च्या आधी विझला का नंतर, हे सांगणारं तिथं कुणी नव्हतं. गुरुजी चहा घेऊन आले. आता दोन दिवस ऊन पडल्याशिवाय काही खरं नाही म्हणाले. आवाज नीट होता का, असंही त्यांनी विचारलं. माणिकराव म्हणाले, लय साफ होता.

चहा पिता पिताच त्यांचं ठरलं. तिचा शब्द इथवर पोचला होता. आपला पोचला का नाही याची वाट बघत बसण्यापेक्षा तो एसटीनं नेऊन हातात दिलेला बरा. गाईला कोण बघणार, ही इतके दिवस पुढं केलेली सबब उरली होती, तीही त्यांनी दावं धरून सटवाजीच्या दारात नेली.

"जा तुमी, गाय म्या बघतो," सटवाजी म्हणाला. मग त्यानं आवाज उतरवला. "एक चूक झाली बघा माझी. लेकरू येऊ का म्हनत होतं, आन् म्या मोठा शाना, राहा तिकडंच म्हनलो. आता फोन आला की ये म्हननार हाय. दुसरं काईच बोलायचं न्हाई."

माणिकरावांनी दावं त्याच्या हातात दिलं. सांगावं का, असं क्षणभर वाटलं.

"येईल की फोन," ते म्हणाले. "रविवारी गुर्जींच्या वसरीवरच बसत जा. भोंग्याची वाट बघू नका."

पिशवी काखोटीला मारून ते एसटीच्या वाटेला लागले. वळणावरून मागं बघितलं, तर सटवाजी गाय घेऊन गुरुजींच्या घराकडंच निघाला होता, आणि ऊन पडतंय का ते बघायला सारखा मान वर करत होता.