काळ्या वायरवरची लाल गाठ

महादेवरावांची जुनी गाडी मनीषनगरच्या गॅरेजात आली, तेव्हा स्कॅनर लावायच्या सॉकेटची उंदरांनी पार वाट लावली होती. हर्षानं नवा सॉकेट काढला आणि रंग पाहून वायरी जोडायला घेतल्या. काळी म्हणजे अर्थिंग, हे गॅरेजात कुणाला शिकवावं लागत नाही. बाजूला गाडीतला बिघाड दाखवणारा तिचा नवाकोरा स्कॅनर होता. त्याच्या पायी तिनं दिवाळीची साडीसुद्धा घेतली नव्हती, आणि उलटा करंट गेला की असलं यंत्र जागच्या जागी जळतं.

काळी वायर हातात घेतली आणि तिचं बोट अडलं. वायरवर लाल रेशमाची बारीक गाठ होती.

"काहून थांबली वं?" महादेवराव म्हणाले. "थे वायर तं तुह्या बाबानंच बसवली होती."

हर्षाचे बाबा ताराचंद मूळचे विणकर. उमरेडचा माग बंद पडल्यावर ते नागपुरात येऊन गाड्यांची वायरिंग शिकले, पण हात मागावरचाच राहिला. लाल वायर संपली की मिळेल त्या रंगाची लावायची आणि करंटच्या वायरीला लाल धागा बांधायचा, ही त्यांची रीत. हर्षा तेव्हा त्यांना छळायची.

"गाडी हाये का लुगडं, बाबा?"

"रंगावर जाऊ नको वं. गाठ पाहत जाय."

बाबा गेले आणि ती गाठ तिच्या डोक्यातून साफ गेली होती.

तिनं टेस्टचा बल्ब लावला. काळ्या वायरीतच करंट होता. बल्ब पेटला आणि तिला रडू आलं. स्कॅनर वाचला, हे तिला मागाहून सुचलं.

पण वायर तशी ठेवून भागणार नव्हतं. उद्या गाडी दुसऱ्या गॅरेजात गेली, तर तिथल्या माणसाला या गाठीचं काय कळणार? लाल वायर घालणं भाग होतं. बॅटरी सोडवून हर्षानं कटर उचलला आणि परत ठेवला. ती विणकरी गाठ घरात फक्त बाबांना यायची. सुटली की सुटली. मग तिनं नखानं गाठ वायरीच्या टोकापर्यंत हळूहळू सरकवली, अख्खी बाहेर काढली आणि नव्या लाल वायरीवर चढवली.

बॅटरी परत जोडून स्कॅनर लावताच पडद्यावर उजेड आला. महादेवरावांनी वाकून पाहिलं.

"आता तं वायर लालच हाये. मंग गाठ कायले पाहिजे?"

"राहू द्या काका," हर्षा म्हणाली. "बाबाच्या हातची हाये. माह्याजवळ दुसरी नाही."