टर्नरच्या नावाची चिठ्ठी

चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी होती. ज्याला प्रार्थना हवी असेल त्याने चिठ्ठी लिहून तीत टाकायची आणि रविवारच्या उपासनेत त्या सगळ्या मोठ्याने वाचायच्या, असा तिथला शिरस्ता. वाचण्याचं काम अकरा वर्षं कारखान्यात लेथ चालवणाऱ्या टर्नरकडे होतं. आवाज खणखणीत, आणि वाचलेलं बाहेर चघळण्याची सवय नाही. कुणाचा गुडघा, कुणाचं बाळंतपण, कुणाचा बिनसलेला जावई. लेथवर माप घ्यावं तसा तो एकेक चिठ्ठी नेमकी वाची. त्याची स्वतःची चिठ्ठी मात्र पेटीत कधी पडली नव्हती. चार महिन्यांपूर्वी कारखान्यातल्या करवतीने उजव्या हाताची दोन बोटं नेली, तेव्हाही नाही.

"देवाला दिसतंय की," तो बायकोला म्हणाला होता. "चारचौघांत कशाला सांगायचं?"

त्या रविवारी उपासनेआधी तो चिठ्ठ्या लावत बसला होता. सातवी उघडली आणि त्याचे कान तापले. अक्षर आईचं होतं.

"माझ्या मुलासाठी. उद्या सकाळी दहाला कारखान्यात त्याच्या हाताची परीक्षा आहे. जमलं तर लेथ परत मिळेल, नाही तर कायमचं गोदाम. तो सांगणार नाही, म्हणून मी सांगते."

परीक्षेचं पत्र त्याने कपाटात स्वेटरांखाली दडवलं होतं. आईच्या नजरेतून घरातलं काय सुटलंय आजवर! त्याने तिच्याकडे पाहिलं. पहिल्या बाकावर ती नाकासमोर बघत बसली होती, जणू त्या गावचीच नाही.

चिठ्ठी खिशात घातली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. आणि वाचली, वर उद्या हात चालला नाही, तर अख्ख्या मंडळीसमोर शोभा. पण अकरा वर्षांत त्याने एकही चिठ्ठी गाळली नव्हती.

सहा वाचून झाल्या. सातवी त्याने उघडली आणि पुन्हा तिची घडी घातली. पाळकसाहेबांनी मान वर केली. मग त्याने ती वाचली, एक शब्द न गाळता.

मग मंडळीचं नेहमीचं उत्तर आलं, "प्रभू, आमचं ऐक." पण आज ते असं आलं की पाळकसाहेबांना पुढचं वाक्य सापडायला वेळ लागला.

बाहेर पडताना म्हाताऱ्या वेल्डरने त्याला दारातच गाठलं.

"काय रे, अकरा वर्षं आमच्या मूळव्याधी वाचून दाखवल्यास. तुझी दोन बोटं काय सोन्याची होती?"

"तसं नाही, काका..."

"तसंच आहे! आमच्यासाठी मागायला पुढे, आणि स्वतःसाठी मागायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. उद्या दहाला मी गुडघ्यावर बसणार आहे. हे गुडघे दुखले तर तुझ्या नावावर."

"आईने जरा जास्तच..."

"तुझी आई होती म्हणून. नाही तर बसला असतास कुढत."

सोमवारी दहाला फोरमनने त्याच्यापुढे नकाशा ठेवला. चाळीस मिलिमीटरचा शाफ्ट. दोन शतांशापर्यंत कमी चालेल, जास्त एक केसभरही नाही. तपासनीस घड्याळ घेऊन शेजारी उभा.

सुरुवात बरी झाली. पण शेवटच्या कापाला उरलेली तीन बोटं चाकावर ठेवली आणि हात थरथरायला लागला. त्याने यंत्र बंद केलं. फोरमनने तपासनिसाकडे पाहिलं.

टर्नरला त्या घडीला स्वतःची अशी एकही प्रार्थना आठवेना. आठवला तो कालचा सगळ्यांचा मिळून आलेला आवाज. म्हाताऱ्या वेल्डरचे गुडघे या क्षणी जमिनीवर टेकले असतील, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. "प्रभू, आमचं ऐक," तो पुटपुटला. "आमचं" म्हणताना पहिल्यांदाच त्याने त्यात स्वतःला धरलं.

हात स्थिर झाला म्हणण्यापेक्षा, थरथरला तरी चालेल असं वाटलं. त्याने यंत्र सुरू केलं आणि चाक सावकाश फिरवलं. लोखंडाची बारीक, अखंड साल सुटत गेली.

तपासनिसाने मायक्रोमीटर लावला. पुसून पुन्हा लावला.

"एकोणचाळीस पूर्णांक नव्याण्णव. मापात आहे." मग जरा थांबून म्हणाला, "मधे थांबलास तेव्हा मी गोदामाचा कागद काढणार होतो. काय केलंस?"

"आमच्या मंडळीने कालच बोलून ठेवलं होतं."

"कुणाशी? मालकांशी?"

"त्यांच्याही वरच्याशी."

फोरमन खो खो हसला. पास झालेल्या कामावर कारागिराचा नंबर ठोकायचा असतो. नंबराचा ठसा आणि हातोडी घेऊन तो पुढे झाला. "थांब, मी मारतो. तुझा हात..."

"आण इकडे," टर्नर म्हणाला. "माझा नंबर मीच मारणार."

डाव्या हाताने त्याने ठसा धरला, उजव्या हाताच्या तीन बोटांत हातोडी घट्ट आवळली आणि ठोकलं. एकाच घावात.