लांडगीच्या गळ्यातला पट्टा

वन्यजीव कार्यालयात मेलेल्या प्राण्यासाठी चार पानी अर्ज आहे, जिवंत प्राण्यासाठी एकही नाही. त्यामुळे मंगळवारी सकाळी नऊ वाजता लांडगीचा पट्टा दुप्पट वेगाने वाजताना ऐकू आला, तेव्हा साहेबांच्या चेहऱ्यावर दुःखाबरोबर थोडी तरतरीही आली. अखेर काहीतरी भरायला मिळणार होतं.

हा रेडिओचा पट्टा, त्याची भाषा यंत्रावर ऐकू येते आणि सोपी असते. लांडगी हिंडत असली की टक... टक. आठ तास जागची हलली नाही की टकटकटकटक. हा दुसरा आवाज कार्यालयाने पहिल्यांदाच ऐकला, आणि ऐकला तो अँटेनाने. अँटेना म्हणजे त्या कार्यालयातली बाई. वीस महिने ती हातात अँटेना धरून लांडगीच्या मागावर होती, त्यामुळे तिचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं.

"गेली बिचारी," साहेब म्हणाले, आणि त्याच श्वासात, "कारण काय लिहायचं?"

कारण सगळ्यांच्या जिभेवर होतं, पण अँटेना समोर उभी असल्याने कुणी ओठ उघडेना. शुक्रवारी सभागृहात बैठक झाली होती. विषय, माणूस आणि लांडगा यांचं सहजीवन. लांडग्याच्या बाजूने तिघं बोलले, त्यांच्याकडे शेळ्या नव्हत्या. शेळ्यांच्या बाजूने एकटाच उठला. माइक हिसकावून म्हणाला, "दोन शेळ्या गेल्या. तिसरी गेली तर तुमचं सहजीवन मी बघून घेईन." टाळ्या पडल्या. वाक्य इतिवृत्तात गेलं. बोलणारा अँटेनाच्या सख्ख्या ताईचा नवरा होता.

"तू नको जाऊस," साहेब म्हणाले. "नात्याचा मामला आहे."

"म्हणूनच जाते. दोन तास द्या. जे असेल ते लिहून आणते."

"घरच्या माणसाविरुद्ध लिहिशील?"

"साहेब, लांडगीही मला परकी नाही."

लांडगी मारण्याला तीन वर्षं कैद होती. चढावर पाय टाकताना अँटेना मनाशी म्हणत होती, आवाज ओढ्याकडे वळू दे, खडकाकडे वळू दे, कुठेही वळू दे. आवाज सरळ ताईच्या घराकडे गेला. यंत्रांना नातीगोती नसतात.

ताई दारातच भांडी घासत होती. "अगं, आज इकडे कुठे? चहा टाकते."

"नको. भावोजी कुठेत?"

"गोठ्यात. कालपासून तिथेच आहेत. जेवायलाही येत नाहीत. शेळ्यांना म्हणावं, तुम्हीच नांदा आता."

अँटेनाने यंत्राचा आवाज तळाला नेला, तरी गोठ्यात ते कानठळ्या बसवत होतं. भावोजी पेंडीच्या लोखंडी पेटीवर बसले होते. इतर वेळी 'काय मेहुणीबाई' म्हणून टिंगल करणारा माणूस, आज पेटीवरून तसूभर हलेना.

"उठा, भावोजी."

"पेटीत पेंड आहे."

"पेंड टकटक करत नाही."

ते उठले. जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला पट्टा त्यांनी दोन हातांत आणून दिला, अनोळखी बाळ द्यावं तसा.

"मी नाही मारली गं. काल दुपारी कुंपणाशी पडला होता. म्हटलं, कुणीतरी तिला मारून हा माझ्या दारात टाकला. शुक्रवारी मीच सगळ्यांना पत्ता दिला होता ना!"

"मग फोन करायचा."

"कुणाला? तुझ्या साहेबाला? माइकवरचं ऐकून त्याने लिहून घेतलं होतं, मी बघितलंय. आणि तुला सांगितलं असतं तर तुला ताईचा नवरा वाचवायचा का नोकरी, हा घोर. त्यापेक्षा पेंडीत बरा."

अँटेनाने पट्टा उजेडात धरला. रक्त नाही. दाताची खूण नाही. आतल्या बाजूला चारच केस, तेही झडलेले. आणि सांधा कापलेला नव्हता, चक्क उघडला होता.

पट्टा दोन वर्षांनी आपोआप सुटतो, म्हणजे प्राण्याच्या गळ्यात जन्माची बेडी राहत नाही. पण तो गळ्यात घातल्याला दोन वर्षं व्हायला अजून चार महिने होते. तिने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि एकदम तिला तो मंडप आठवला.

पट्टा लांडगीच्या गळ्यात जायच्या आधी त्याचं उद्घाटन झालं होतं. पट्ट्याला चिकटवलेलं लोहचुंबक काढलं की तो चालू होतो. फीत कापण्याऐवजी पाहुण्यांनी ते चुंबक काढलं, पट्टा माइकवर टकटकला, पाहुणे म्हणाले, "हा निसर्गाचा हुंकार आहे." नंतर चुंबक परत लावलं, आवाज थांबला, पट्टा चार महिने साहेबांच्या कपाटात झोपला. आवाज थांबला होता, पण सुटण्याची वेळ मोजणारं आतलं घड्याळ थांबलं नव्हतं. चुंबकाचं तबक धरून अँटेनाच उभी होती.

"हसतेस काय?" भावोजी घाबरून म्हणाले.

"चला ओढ्यावर."

ओढ्याच्या झाडाला कार्यालयाचा कॅमेरा बांधलेला होता. शेवटचा फोटो त्याच दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांचा. लांडगी खाली बसून मागच्या पायाने मान खाजवत होती. उघडी मान, मिटलेले डोळे. वीस महिन्यांची खाज एका फोटोत मावत नव्हती.

भावोजी कॅमेऱ्यावर वाकले. "जिवंत आहे," ते म्हणाले. "जिवंत आहे गं माझी बाय!" मग त्यांच्या लक्षात आलं, आपण कुणाला बाय म्हणतोय. "म्हणजे... माझ्या शेळ्या खाणारी."

"हो."

"अजून हिंडतेय."

"हो ना."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि डोळे पुसत कुंपण कुठे उंच करायला लागेल ते बघू लागले. अँटेनाने तारेचं दुसरं टोक धरायचं कबूल केलं. त्या तारेसाठी भावोजींनी केलेला अर्ज कार्यालयात पडून होता, तो तिने आजच वर काढायचा ठरवला.

तिने साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"म्हणजे मेलेली नाही. पहिली दोन पानं भरून झालीत गं."

"खोडा, साहेब."

"नवा पट्टा मागवावा लागेल. छोटासा कार्यक्रम—"

"साहेब."

"बरं, बरं. चुंबक नाही काढायचं. नुसत्या टाळ्या."

घरी ताईने न विचारता तीन कप ओतले. भावोजींनी कालचं जेवणही मागून घेतलं, एकदम दोन्ही वेळचं. "काय झालं होतं यांना?" ताईने विचारलं.

"काही नाही," अँटेना म्हणाली. "पेंडीला कीड लागलीय असं वाटलं होतं."